वेंगुर्ल्याची कांदळवन सफारी: स्वामिनी बचत गटाची होडी आणि खाडी राखणाऱ्या बायका

वेंगुर्ल्याला जाऊन नुसता बीच, जेटी आणि माशाचं जेवण करून परत येणाऱ्यांनी एकदा मांडवी खाडीत जायलाच पाहिजे, हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचायला वेळ नसेल त्यांचंही काम होईल. स्वामिनी महिला बचत गटाची कांदळवन सफारी, माझ्याकडून पाचपैकी पाच. आता का ते सविस्तर लिहिते, कारण नेटवर बघितलं तर "खूप सुंदर", "नाइस प्लेस" असल्या दोन-दोन शब्दांच्या कमेंटच जास्त दिसतात, आणि ह्या बायकांनी जे उभं केलंय त्याला ते पुरेसं नाही असं मला मनापासून वाटतं.

सफारी म्हणजे काय, तर बिनइंजिनाची होडी, वल्हं मारायला ह्याच बायका, माहिती सांगायलाही ह्याच, आणि खाडीच्या दोन्ही काठांना कांदळवन, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारं मॅंग्रोव्हचं जंगल. साधारण तासाभराची फेरी. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत बसवत नाहीत, मग तुम्ही कितीही पट्टीचे पोहणारे असा. गट मच्छीमार कुटुंबांतल्या बायकांचा आहे, 2017 पासून हे चालू आहे. त्याच्या आधी सिंधुदुर्गात यूएनडीपी (संयुक्त राष्ट्रांची विकास संस्था), जागतिक पर्यावरण निधी आणि आपलं सरकार यांचा मिळून किनाऱ्याच्या जैवविविधतेचा एक मोठा प्रकल्प झाला, देवगड, मालवण आणि वेंगुर्ला तालुक्यांत, त्यातूनच प्रशिक्षण मिळालं आणि ही सफारी उभी राहिली. प्रकल्प कधीच संपला. अशा प्रकल्पांचं एरवी काय होतं ते आपल्याला माहितीये, पैसे आहेत तोवर बॅनर आणि नंतर गंजलेला बोर्ड. इथे प्रकल्प गेला तरी होडी चालू राहिली, मला ह्याचंच सगळ्यात कौतुक आहे.

बुकिंगचं सांगते. आधी फोन करूनच जा, कारण सगळं भरतीवर असतं. ओहोटीला खाडीतलं पाणी इतकं उतरतं की आतल्या फाट्यांमध्ये होडी शिरतच नाही, नुसता चिखल. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते, त्यामुळे काल कोणी सकाळी नऊला गेलं म्हणून तुम्हालाही आज नऊचीच वेळ मिळेल असं नाही. आमच्या हॉटेलवाल्याने ठोकून दिलं होतं की कधीही जा, होडी असतेच, ते ऐकून गेलो असतो तर काठावर बसून राहावं लागलं असतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी भरपूर चढतं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते तेव्हा कमी, तर शक्य असेल तर तारीख बघून प्लॅन करा. फोनवर त्यांनीच मला सांगितलं, "पाणी भराक लागला की येवा, घाई करू नकात." बरोबर वेळेला गेलो आणि होडी थेट आतल्या फाट्यापर्यंत गेली.

आम्ही चौघं होतो, मी, नवरा, सासूबाई आणि लेक. सासूबाईंचे गुडघे दुखतात, होडीत चढताना दोघींनी दोन्ही बाजूंनी धरून बसवलं, "आजी, मधीच बसा, हलूची नाय" असं सांगून त्यांच्या पायाखाली फळी सरकवून दिली. वयस्कर माणसं सोबत असतील तर चढ-उताराची जागा जरा घसरडी असते हे लक्षात ठेवा, सॅंडल पट्ट्याचे घाला, हिलबिल अजिबात नको.

आता आतलं. सुरुवातीला होडी मोठ्या पाण्यातून जाते, झुलता पूल दिसतो, लोक त्याचे फोटो काढण्यातच गुंग असतात, काढू देत. खरी मजा पुढे, फाटा अरुंद होतो आणि दोन्हीकडची झाडं जवळ येतात तिथे. वल्हं मारणाऱ्या काकी एकेक झाड नावानिशी ओळख करून देत होत्या. कांदळ म्हणजे ज्याची मुळं खोडातून कमानीसारखी बाहेर येऊन चिखलात रुतलेली असतात तो. तिवराची मुळं उलटी, चिखलातून वर आलेली, बोटभर उंचीची, शेकड्यांनी. चिखलात हवा नसते म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं, पण काकींनी होडी काठाला लावून लेकीला सांगितलं की मोज बघू एका झाडाची किती, आणि ती मोजता मोजता कंटाळली तेव्हा तिला जे कळलं ते शाळेच्या पुस्तकातून कळलं नसतं. मग तिवराचं एक पान तोडून नाही, नुसतं वाकवून तिच्यासमोर धरलं, "चाटून बघ गो." पानावर मिठाची बारीक कणी असते, झाड खारं पाणी पितं आणि जादाचं मीठ पानातून बाहेर टाकतं. लेक अजून सगळ्यांना सांगत सुटलीय की मी झाड चाटलं.

चिप्पीपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. पांढरी चिप्पी हा 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे, आंबा राज्यवृक्ष आणि शेकरू राज्यप्राणी हे सगळ्यांना माहीत असतं, हे फार थोड्यांना. फूल रात्री उमलतं, पांढऱ्या केसरांचं, आणि वटवाघळं, पतंग येऊन परागीकरण करतात, सकाळपर्यंत केसर गळून पाण्यावर तरंगतात. फळाला चांदणीसारखी बैठक असते, लेकीला ते फारच आवडलं. आणखी एका झाडाजवळ मात्र काकींनी होडी लांबूनच नेली, त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो म्हणे, हात लावायचा नाही, फांदी ओढायची नाही. असं सांगणारं माणूस सोबत नसेल तर आपण फोटोसाठी तीच फांदी धरू, म्हणून सांगते, स्वतःच्या कयाकने एकटं घुसण्यापेक्षा ह्यांच्याबरोबर जा.

कांदळाचं बी मला सगळ्यात भावलं. ते झाडावरच रुजतं. म्हणजे फळ झाडाला लटकलेलं असतानाच त्याला कोंब फुटतो आणि हिरवीगार, शेवग्याच्या शेंगेसारखी लांब कांडी खाली वाढत जाते, पुरेशी वाढली की टोक खाली करून सुटते आणि ओहोटी असेल तर थेट चिखलात रुतून उभी राहते, भरती असेल तर तरंगत दुसऱ्या काठाला जाऊन लागते. काकींनी पाण्यात तरंगणारी एक कांडी उचलली, लेकीच्या हातात दिली आणि काठाच्या मोकळ्या चिखलात दाबून रोवायला लावली. किती खोल, तर टोकाकडचा थोडासाच भाग, जास्त खोल नाही, आणि कुठलं टोक खाली ते नीट बघून. फुगे-रिबीन-भाषणवाले वृक्षारोपणाचे कार्यक्रम आपण खूप बघितलेत, ही लागवड दोन मिनिटांची होती आणि तिला कोणी फोटो काढा म्हटलं नाही.

चिखलात निवट्या, म्हणजे चिखलावर वावरणारे छोटे मासे, उड्या मारत होत्या, एक मोठी नांगी हलवणारे छोटे लाल खेकडे होते, खंड्या दिसला, वंचक दिसला, ब्राह्मणी घार डोक्यावर होती. पाणमांजर दिसलं नाही. दिसेलच अशी गॅरंटी त्या कोणत्याच प्राण्याची देत नाहीत, आणि हे मला फार आवडलं, कारण हल्ली कोकणात डॉल्फिन शंभर टक्के दाखवू म्हणून लोकांना होडीत भरतात. मागे दुसऱ्या एका खाडीत आम्ही अशाच एका राइडला गेलो होतो, इंजिनाचा धूर, स्पीकरवर गाणी, बगळ्यांचा थवा बसलेला होता तिथे मुद्दाम होडी घातली, का तर उडताना व्हिडिओ चांगला येतो. वेफर्सची पाकिटं पाण्यात टाकली ती वेगळीच. पैसे वेंगुर्ल्यापेक्षा जास्त घेतले होते. त्यानंतर मांडवीला आल्यावर फरक कशाचा आहे ते कळतं. तिथला होडीवाला खाडीवर धंदा करत होता, इथल्या बायका खाडीवर जगतात.

हे नीट सांगायला हवं. होडीत गप्पा मारताना कळलं की ह्या सगळ्या कोळणी, गाबित घरांतल्या. घरचा गडी समुद्रावर जाणार, बाईने मासे बाजारात नेऊन विकायचे, ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या, कालवं असे शिंपले काढायचे. खाडीतल्या कुर्ल्या (खेकडे), सुंगटं (कोळंबी), बोय, तांबोशी, पालू, काळुंदर असले मासे, हे सगळं कांदळाच्या मुळांमध्ये लहानाचं मोठं होतं. पिल्लांना तिथे लपायला जागा मिळते, सडलेल्या पानांवर सुंगटं वाढतात, मोठा मासा आत शिरू शकत नाही. मी विचारलं की पूर्वी लोक जळणाला कांदळ तोडायचे ना, तर काकी म्हणाल्या तोडायचेच, कोण सांगणार होतं, चिखल आणि डास एवढंच कांदळ म्हणजे. मग वल्हं थांबवून म्हणाल्या, "कांदळ गेलो तर कुर्ल्यो खय रवतल्यो? आणि कुर्ल्यो गेल्यो तर आमी खय जातलव?" आता कोणी कोयता घेऊन खाडीत उतरलं तर पहिली ह्यांची नजर जाते. वनखात्याचा गार्ड किती ठिकाणी उभा राहणार, ह्या रोज पाण्यात असतात.

कायदा आहे, नाही असं नाही. मुंबई हायकोर्टाने 2005 मध्ये कांदळवन तोडीवर बंदी घातली, 2018 च्या निकालात तर कांदळवन नष्ट करणं हा लोकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे असं स्पष्ट सांगितलं. राज्य सरकारचा वेगळा कांदळवन कक्ष 2012 पासून आहे. तरीसुद्धा राज्यातलं कांदळवन सगळं मिळून तीनशे-सव्वातीनशे चौरस किलोमीटर, त्यातलं बहुतेक रायगड, ठाणे, मुंबई पट्ट्यात, सिंधुदुर्गाच्या वाट्याला थोडंसंच आलंय. थोडं आहे म्हणून ते राखायला गावातलंच कोणीतरी लागतं.

आणि सिंधुदुर्गात उलटा अनुभवही आहे, तो सांगितल्याशिवाय ह्या सफारीची किंमत कळणार नाही. मालवणला 1987 मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र धरून 29.12 चौरस किलोमीटर. कागदावर उत्तम. पण ज्यांनी पिढ्यान् पिढ्या तिथे जाळी टाकली त्यांना वाटलं की आता आपल्याच दारातल्या पाण्यातून आपल्याला बाहेर काढणार, आणि विरोध सुरू झाला तो वर्षानुवर्षं गेला नाही. अभयारण्य वाईट होतं असं माझं म्हणणं नाही, तिथलं प्रवाळ, तिथले मासे जपायलाच हवेत. पण आधी नकाशा काढायचा आणि मग माणसांना सांगायचं, हा क्रम चुकला असं मला वाटतं. वेंगुर्ल्यात क्रम उलटा होता, आधी बायकांच्या हातात वल्हं आणि कमाई आली, त्यामुळे राखण आपोआप सुरू झाली.

खरं तर आपल्या किनाऱ्याला हे नवीन नाही. रापण बघितलीय का कधी? नसेल तर वेंगुर्ला-मालवण पट्ट्यात पहाटे किनाऱ्यावर जाऊन बघा. होडीने जाळं अर्धगोलात टाकून येतात आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून पन्नासेक माणसं ओढतात, बायका, म्हातारे, पोरं सगळे. आलेल्या माशाचे वाटे पडतात, कोणाचा किती हे ठरलेलं असतं, दोरीला हात लावणाऱ्याला रिकामं पाठवत नाहीत. ज्येष्ठ-आषाढात समुद्राला हात लावायचा नाही आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडून मगच होड्या लोटायच्या, हा नियम सरकारच्या 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीच्या कितीतरी आधीचा. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांविरुद्ध ह्याच रापणवाल्यांनी आणि छोट्या मच्छीमारांनी आंदोलनं केली, शेवटी 5 फेब्रुवारी 2016 ला पर्ससीनवर बंधनं घालणारा सरकारी आदेश आला. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून लोकांना अजूनही भांडावं लागतं ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

सफारी ज्यातून उभी राहिली त्या यूएनडीपीच्या प्रकल्पात ट्रॉलरसाठी, म्हणजे जाळं मागे ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटींसाठी, चौकोनी आसाची (जाळ्याच्या भोकाची) जाळी आणली होती, ते मला परतीच्या वाटेवर जेटीवर एकाने जाळं हातात घेऊन दाखवलं. नेहमीच्या जाळ्याचा आस शंकरपाळ्याच्या आकाराचा, ओढलं की ताणला जाऊन मिटतो आणि बोटाएवढं पिल्लूसुद्धा आत अडकतं. चौकोनी आस ओढला तरी उघडाच राहतो, पिल्लं निसटून जातात, मोठा मासा राहतो. त्याने दोन्ही जाळी ताणून दाखवली, दोन सेकंदात कळलं. मासे कमी झाले म्हणून हळहळणाऱ्या आपल्या खवय्यांनी हे एकदा बघावं आणि बाजारात बोटभर सुरमई, इवलेसे पापलेट घेणं बंद करावं. हे आपल्या हातात आहे, त्याला ना परवाना लागतो ना आंदोलन.

बरं, सफारीकडे परत येते. उणं काय, तेही सांगते. होडीला छप्पर नसेल तर ऊन डोक्यावर असतं, मार्चनंतर जात असाल तर सकाळी लवकरची किंवा उतरत्या उन्हाची भरती असलेली तारीख बघा, टोपी आणि पाणी सोबत ठेवा, पण पाण्याची बाटली स्टीलची न्या. संध्याकाळी डास असतात. थ्रिल पाहिजे असणाऱ्यांनी जाऊ नका, वेग नाही, लाटा नाहीत, आरडाओरडा करून चालत नाही. दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर तासभर एका जागी बसवणं जड जाईल. पावसाळ्यात काय स्थिती असते ते फोनवर विचारूनच ठरवा.

आणि एक कळकळीची विनंती, पैशांवरून घासाघीस करू नका. आमच्या पुढच्या होडीसाठी आलेला एक ग्रुप काठावर उभा राहून "तासाभराचेच ना, मग कमी करा की" म्हणून हुज्जत घालत होता, हॉटेलात कोल्डड्रिंकचे दुप्पट पैसे निमूट देणारी माणसं ती. मला राहवलं नाही, मी बोलले. वल्हं मारणं म्हणजे काय ते एकदा हातात घेऊन बघा, परतताना वारा समोरून असेल तर खांदे भरून येतात. त्या पैशात होडीची डागडुजी, लाइफ जॅकेट, सगळ्यांचा वाटा आणि गटाची बचत असतं. ह्या बायकांनी घरी आणलेला हा पैसा स्वतःच्या नावाचा आहे, बंदीच्या काळात आणि मासा न मिळाल्यावर घर त्यावर चालतं.

टूरवाल्यांसाठीही लिहिते. एका पॅकेजमध्ये "मॅंग्रोव्ह पॉइंट, वीस मिनिटं" असं मी वाचलं. वीस मिनिटांत होडी आतल्या फाट्यालाही पोचत नाही. आणायचंच असेल तर भरती बघून पूर्ण वेळ द्या आणि एका वेळी चाळीस माणसं ओतू नका.

दुसऱ्या गावांतल्या बचत गटांनी हे वाचलं तर त्यांच्यासाठी, 2017 पासून राज्य सरकारची कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आहे. खेकडापालन, कालवंपालन, पिंजऱ्यातले मासे, शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन असे उद्योग त्यात बसतात, सामूहिक प्रकल्पाला 90 टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, अट एवढीच की कांदळवन राखायचं. तुमच्या गावच्या कांदळवन समितीकडे किंवा कांदळवन कक्षाच्या ऑफिसात चौकशी करा.

वेंगुर्ल्याला कसं पोचायचं, तर ट्रेनने कुडाळ किंवा सावंतवाडी आणि तिथून एसटी किंवा रिक्षा, कोल्हापूरकडून आंबोली घाटाने आलात तर सावंतवाडीवरून सरळ रस्ता. चिपीचं विमानतळ वेंगुर्ला तालुक्यातच आहे. फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला गेलात तर वायंगणीच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्लं सोडतात का तेही चौकशी करून ठेवा, ऑलिव्ह रिडलेची घरटी तिथे गावातलीच माणसं राखतात आणि कासव जत्रा भरवतात. पिल्लं बाहेर येण्याची वेळ पहाट नाहीतर संध्याकाळ, त्यामुळे मधल्या भरतीला मांडवीची होडी बसते. आम्ही पुढच्या खेपेला दोन्ही एकत्र करणार आहोत, लेकीने रोवलेली कांडी रुजली का तेही काकींना विचारायचंय.